मागून नेलेला कर्णा

मित्रांनो, आमच्या वस्तीतल्या विहाराच्या छपराकडे पाहिलंत, तर लोखंडी पाइपाला तारेने आवळलेला, एका कडेला पोचा आलेला कर्णा तुम्हाला दिसेल. तो मी. तुमच्यातले काही जण मला भोंगा म्हणतात. लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाणारा रस्ता सोडून वर पठारावर आलात की आमची वाडी लागते. गावठाण मधोमध, आणि आमची बौद्धवस्ती सगळ्यात वरच्या अंगाला. तिथे घरं संपतात आणि गुरं चारायचं गायरान सुरू होतं.

पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. फिरत्या साच्यावर पत्रा दाबून कारागिराने माझं तोंड फुलवलं आणि मला करडा रंग दिला. दुकानात मी फार दिवस पडून राहिलो नाही. एके दिवशी श्रीपती नावाचे गृहस्थ आले. ते रेल्वेत रुळांच्या कामावर होते. वस्तीने वर्गणी काढून त्यांना धाडलं होतं. परतीच्या गाडीत त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, घरी लग्न आहे का?"

"न्हाई बाई," श्रीपती म्हणाले. "आमच्या विहाराला आवाज न्हवता."

त्या दिवसापासून मी आवाज झालो. संध्याकाळी माझ्यातून वंदना म्हटली जायची. चौदा एप्रिलला तर मला उसंत नसे. कुणाची शेळी हरवली, दवाखान्याची गाडी आली, कुणी वारलं, सगळं मीच सांगायचो. पावसाळ्यात पठारावर असं धुकं उतरतं की स्वतःचा हात दिसत नाही. तेव्हा रानातून परतणाऱ्यांसाठी श्रीपतींची सून शालन माइकवर नुसती बोलत राहायची. आज काय शिजवलं, कुणाच्या घरी पाहुणे आले, असलं काहीही. लोक त्या आवाजाच्या रोखाने घरी यायचे. शालन सातवीपर्यंत शिकली होती आणि शेळ्या राखायची, पण तिच्या बोलण्यात एक ठामपणा होता. तिचा शब्द माझ्या तोंडून निघाला की मलाच भारी वाटायचं.

गावठाणातल्या लोकांना मात्र माझा जाच व्हायचा. देवळावर त्यांचा स्वतःचा कर्णा होता. "वस्तीवरचा तो भोंगा जरा बारीक करा," असा निरोप अधूनमधून यायचा. श्रीपती निमूटपणे बटण फिरवायचे. पुढे ते वारले. ती बातमीही मीच सांगितली.

मग पठारावर पवनचक्क्यांची कंपनी आली.

मित्रांनो, वाऱ्यावर वीज होते आणि धूर होत नाही, हे मला कळतं. मी स्वतः विजेवरच बोलतो. पण चक्क्यांच्या जागेच्या खुंट्या ठोकल्या त्या थेट वस्तीच्या पाठीशी, गायरानात. शालनच्या दारातून खडा फेकला तर पडेल, इतक्या जवळ. कातळ फोडायला सुरुंग लावणार होते. आमचा पाण्याचा झरा त्याच कातळाखाली. अवजड गाड्यांसाठी जो रस्ता आखला, तो मारुतीभाऊंच्या भातखाचरातून जात होता. मारुतीभाऊ म्हणजे गावठाणातले मोठे शेतकरी. आम्हाला कुणी विचारलं नव्हतंच, पण या वेळी त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं.

सरपंच कंपनीच्या बाजूचे होते आणि देवळातल्या कर्ण्याची किल्ली त्यांच्याकडे होती. म्हणून एका सकाळी मारुतीभाऊ विहारापाशी आले. आयुष्यात पहिल्यांदाच आले असावेत, कारण चपला कुठे काढायच्या ते त्यांना समजेना.

"शालनबाई," ते म्हणाले, "तुमचा कर्णा पायजे व्हता. आणि तूबी पायजे. तुझ्यावानी बोलायला गावात कुणी न्हाई."

शालनने विचारलं, "भाऊ, उद्या तुमचं शेत वाचलं, तर आमचं गायरानबी वाचंल ना?"

"वाडी एक हाय. शेत वाचलं आन् गायरान गेलं, असं मी व्हऊन देईन का?"

शालनचा मुलगा प्रितम तळेगावच्या एका कारखान्यात कंत्राटावर कामाला होता. आज ना उद्या कायम होईल, अशी आशा होती. तो हळूच म्हणाला, "आई, जरा दमानं घे." पण तोवर शालनने मला खाली उतरवायला शिडी मागवली होती.

त्यांनी मला मारुतीभाऊंच्या पिकअपच्या टपावर बांधलं. वळणावर, जिथे रस्ता पठारावर चढतो, तिथे सगळी वाडी बसली. गावठाणातल्या बायका आणि वस्तीतल्या बायका एका ताडपत्रीवर बसलेल्या मी तोवर पाहिल्या नव्हत्या. मारुतीभाऊंच्या पत्नी रतनबाई शालनला खेटून बसल्या होत्या. दोघी एकाच डब्यातली भाकरी खात होत्या.

खालून पवनचक्कीचं एक प्रचंड पातं घेऊन गाडी आली. शालन उठली आणि माइक घेतला.

"सायब, वारा तुमी न्या," ती म्हणाली. "वारा कुणाच्या बापाचा न्हाई. पण ती चक्की आमच्या उशाशी कशाला? तुमच्या बंगल्यामागं एक उभी करा, तितं म्हैनाभर झोपून दाखवा. मग आमी आपल्या हातानं तुमचं सामान वर चढवतो."

मी ते शब्द दरीच्या पलीकडे पोचवले. गाडी उभी राहिली आणि संध्याकाळी मागे वळली. त्या दिवशी लोकांनी माझ्या तोंडावर गुलाल फासला. मारुतीभाऊंनी माइक घेऊन मोठ्याने "जय भीम" म्हटलं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही मनात आलं की श्रीपतींनी हे पाहायला हवं होतं. मी पत्र्याचा असूनही फुगलो होतो.

गाडी पुन्हा यायची, आम्ही पुन्हा बसायचो. असं काही आठवडे चाललं. मग कंपनीने रस्त्याची आखणी बदलली. नवा रस्ता मारुतीभाऊंचं खाचर टाळून आमच्या वस्तीच्या कडेने वर जाणार होता. पाण्याच्या टँकरचं काम त्यांच्या मुलाला, अतुलला मिळालं. गावठाणातल्या आणखी काही पोरांना पहारेकऱ्याचे गणवेश मिळाले.

आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. त्या सकाळी पिकअप आली नाही, म्हणून प्रितमने मला खांद्यावर घेतलं आणि बॅटरी दुसऱ्या हातात धरली. वळणावर ताडपत्री अंथरली. वस्तीतले सगळे आले. गावठाणातून एकट्या रतनबाई आल्या.

"बाकीची मंडळी कुटं हायेत?" शालनने विचारलं.

रतनबाईंनी मान खाली घातली. "मला नगं इचारू, बाई. मी आलीया न्हवं?"

थोड्या वेळाने अतुल मोटारसायकलवर आला. त्याने आईला दंडाला धरून उठवलं. त्या मागे वळून पाहत गेल्या. त्यांच्यापाठोपाठ पोलिसांची गाडी वर आली.

शालनने माइक घेतला होता, पण वाक्य पुरं झालं नाही. कुणीतरी माझी वायर ओढली. प्रितमने मला घट्ट धरलं होतं. ओढाओढीत मी रस्त्यावर आपटलो आणि हा पोचा आला. बेकायदा जमाव जमवला, रस्ता अडवला, अशी कलमं लागली. प्रितमचं नाव पहिलं, कारण कर्णा त्याच्या हातात होता. शालनचं दुसरं, कारण माइक तिच्या हातात होता. ज्यांच्या पिकअपवर मी इतके दिवस फिरलो, त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

माझ्या गळ्यात एक चिठ्ठी बांधून मला ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत टाकलं. मित्रांनो, तिथे मोडक्या सायकली होत्या, दारूचे कॅन होते, एक रक्ताळलेली पहार होती. मी त्यांच्यात पडून होतो. पाली माझ्या तोंडात अंडी घालायच्या.

शालन मला सोडवायला यायची. खिडकीतून तिचा आवाज यायचा. एकदा हवालदार तिला म्हणाले, "बाई, गावातला कुणीतरी मोठा माणूस साक्षीला आणा. पोरगा शांततेत बसला होता म्हणून सांगू दे. पोराचं काम सोपं होईल."

"गेलते की," शालन म्हणाली. "मारुतीभाऊ म्हनले, म्या त्या दिशी वळणावर न्हवतो. ते खरंच हाय, सायब. त्या दिशी न्हवतेच. त्याच्या आधल्या दिवसांचं इचारलं, तर म्हनले, आता आठवत न्हाई."

"आणि पोरगा?"

"कारखान्यात पोलिसांचा दाखला मागितला. केस हाय म्हनल्यावर कायम कोण करतंय? आता लोणावळ्यात हाटेलात भांडी घासतोय."

हवालदार उठले. त्यांनी तिला पाणी दिलं.

कोर्टाच्या हुकमाने मी सुटलो, तोवर पठारावर चक्क्या फिरायला लागल्या होत्या. प्रितमच्या तारखा अजून चालूच आहेत. मला पुन्हा छपरावर बांधलं. आता माझ्या डोक्यावर दिवसरात्र ती पाती फिरतात. घू घू असा एकच सूर. झऱ्याचं पाणी आटलं. उन्हाळ्यात अतुलचा टँकर येतो, आधी गावठाणात आणि उरलं तर आमच्याकडे.

या वर्षी कंपनीने आणखी चक्क्यांची आखणी केली. या वेळी खुंट्या गावठाणाच्या अंगाला ठोकल्या, मारुतीभाऊंच्या नव्या घरामागे. ते पुन्हा विहारापाशी आले. या वेळी चपला कुठे काढायच्या ते त्यांना ठाऊक होतं.

"शालनबाई, झालं गेलं सोडून दे. कर्णा पायजे व्हता."

"हाय की. नेऊ नका मातर, हितंच बोला. सगळ्या वाडीला ऐकू जातं."

"मी काय बोलू? तू बोल. लोक तुझं ऐकत्यात."

"माझं बोलून झालं, भाऊ. त्याची तारीख हाय पुढल्या सोमवारी." तिने बटण दाबलं आणि माइक त्यांच्या हातात दिला. "आधी तुमचं नाव सांगा. प्रितमसंगं तुमीबी रस्त्यावर व्हता, ते सांगा. मग चक्कीचं बोला. तुमच्या मागं पयली मी बसंन."

मी तयार होतो. मारुतीभाऊंनी माइक तोंडाशी नेला. त्यांचा श्वास माझ्यातून बाहेर पडला. गावठाणातल्या घरांची दारं उघडली, लोक अंगणात आले, वर पाहू लागले. रतनबाईही आपल्या घराच्या ओट्यावर उभ्या होत्या. सगळ्या वाडीने तो श्वास बराच वेळ ऐकला. मग मारुतीभाऊंनी माइक विहाराच्या ओट्यावर ठेवला आणि ते पायऱ्या उतरले.

शालनने बटण बंद केलं आणि ती शेळ्या सोडायला गेली.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर रंग चढवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी पत्र्याचा आहे, एक दिवस गंजून पडेन. पण कुणाला तरी पुढे करून तुम्ही आपलं काम करवून घ्याल, तेव्हा पोलिसांची गाडी आली तरी त्याच्याशेजारी बसा. तेवढं जमणार नसेल तर त्याच्या दारी जाऊ नका. आपलं काय ते आपल्या तोंडाने सांगा. मी सगळ्यांचा आवाज तेवढ्याच मोठ्याने पोचवतो.