खाणावळीच्या दाराचा अडसर

दारामागे भिंतीला टेकून जो जाड, काळपट दांडा एरवी उभा असतो, तो मी. मी एक अडसर आहे. माझ्या अंगावर दातांच्या खुणा आहेत आणि एका टोकाशी घासूनही न निघालेला डाग आहे.

वादळात मोडलेल्या जहाजाच्या डोलकाठीतून सुताराने मला तासून काढले आणि बंदरावरील या खाणावळीच्या दाराला आतून आडवे बसविले. मालकीण, तिचा आचारी नवरा आणि भाजी निवडता निवडता साऱ्या जगाला नावे ठेवणारी सासू, एवढेच माझे कुटुंब.

आमचे गाव विक्षिप्त खरे. जहाजाचा भोंगा वाजला, की अन्यत्र लोक धक्क्याकडे धावतात; आमच्याकडे आधी दारे लावतात. कारण तो भोंगा टेकडीवरील रानमाकडांनाही कळतो. खलाशी त्यांना दारूत भिजविलेली बिस्किटे चारीत आणि झिंगलेली माकडे एकमेकांचे कान तोडू लागली, की टाळ्या पिटीत. टोळीच्या म्होरक्याला त्यांनी ‘कप्तान’ हे नाव दिले आणि माणसासारखी दारावर थाप मारण्यास शिकविले. माकडाच्या हाती कोलीत देण्याचाच हा प्रकार! थाप ऐकून दार उघडणाऱ्या शिंपिणीचा अंगठा कप्तानने तोडून नेला. तेव्हापासून गावाने नियम केला : थापेवर दार उघडायचे नाही, बाहेरच्याने बोलून ओळख द्यायची.

“माकड सगळं शिकेल, पण बोलेल थोडंच!” सासू म्हणे. “आणि बोललंच, तर माझ्या लेकापेक्षा शहाण्यासारखं बोलेल.”

एके सकाळी नव्या जहाजाच्या खलाशांनी एक पिलू दोराने बांधले आणि गंमत म्हणून पाण्यात बुचकळले. वर काढले तेव्हा ते मेलेले होते. टोळी धक्क्यावर तुटून पडली. खलाशांनी साखळ्या फिरविल्या; माकडांच्या कवट्या फुटल्या, एका खलाशाचा डोळा गेला. अखेर खलाशी जहाजावर पळाले, त्यांनी शिडी वर ओढली आणि चवताळलेली टोळी गावात शिरली. आमचा आचारी मासळी आणण्यास धक्क्यावर गेला होता.

दारावर थाप पडली. मालकिणीचा हात माझ्यावर आला.

“कोण आहे?”

पुन्हा थाप.

“अहो, तुम्ही आहात का? बोला ना!”

पुन्हा थाप, या वेळी हळू.

“उघडू नकोस गं!” सासू ओरडली. “कप्तान आहे तो मेला. माझा लेक असता तर शिव्यांनीच दार फोडलं असतं.”

“आई, थाप खालून येतेय. उंबऱ्याजवळून.”

“मग माकडच! माणूस कशाला बसून दार ठोकेल?”

“पडलेला माणूस ठोकतो, आई.”

तिने मला उचलले आणि दार उघडले. उंबऱ्यावर आचारी पालथा पडला होता. त्याचा गळा फाटला होता. शब्दांऐवजी रक्ताचे बुडबुडे येत होते. पाठीवर कप्तान बसला होता. त्याने झेप घेऊन मलाच दातांत धरले. मालकिणीने मला हिसडले. पहिल्या घावाने त्याचा खांदा मोडला, दुसऱ्याने डोके. तो पडला, तेव्हा त्याच्या मुठीत दोराचा ओला तुकडा होता.

सासूने लेकाला काखेत धरून आत ओढले. “बोल की रे, रेड्या,” ती म्हणत राहिली. “एक शिवी तरी दे.”

आचारी वाचला, आवाज मात्र गेला तो गेलाच. गावाचा नियम आजही तोच आहे. पण आचारी बाहेर असला, की हे दार लागत नाही. माकडे येतात, बरण्या फोडतात, पीठ उधळतात. “वेड लागलंय का तुम्हाला? अडसर घाला!” शेजारीण खिडकीतून ओरडते. मालकीण फुटलेल्या बरण्या गोळा करते.

दूरदूरच्या खलाशांनो, एवढेच सांगतो : माणसाची खूण गमतीखातर जनावराला शिकवू नका. तुम्ही नांगर उचलून निघून जाता. मागे माणसावरच कोणी विश्वास ठेवीत नाही.

भोंगा आताच वाजला. शेजारपाजारचे अडसर धडाधड पडले. आचारी अजून धक्क्यावर आहे. सासूने भाजीची परडी बाजूला सारली, मला ओढून मांडीवर आडवे घेतले आणि ती सताड उघड्या दारात बसली आहे.