दहाव्या वचनाला थांबायचं

गुरुवारी सकाळी पाळकसाहेब माझ्या दुकानात आले, काळी पँट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "दीड इंच आखूड करा. आणि येत्या रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ तुम्ही वाचा."

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. कपडे दुरुस्त करण्याच्या धंद्यात हा एक मोठा फायदा आहे. कोणी काही भलतंच बोललं तर टाचण्या काढेपर्यंत विचार करायला वेळ मिळतो. मी सहाच्या सहा टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या आणि मग विचारलं, "कमिटीला विचारलंत?"

"विचारलं. एकदा बघू म्हणालेत."

"एकदाच?"

"एकदा," ते म्हणाले आणि पँटकडे बघत राहिले. त्यांना खोटं बोलता येत नाही. नवीन आहेत अजून.

दोन वर्षांपूर्वी काय झालं ते आमच्या मंडळीत सगळ्यांना पाठ आहे. तुम्हाला नसेल म्हणून सांगते. मला बायपोलर आहे. आमचे हे शाळेची बस चालवतात, त्यामुळे आमच्या घरात त्याला वरचा गिअर आणि खालचा गिअर म्हणतात. त्या वर्षी एका प्रार्थनासभेत उभी राहून मी सांगितलं होतं की प्रभूने मला बरं केलं. मग बरं झालेल्या बाईने गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखवणं, असं मला वाटलं आणि मी गोळ्या बंद केल्या. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. दोष द्यायला कोणी सापडत नाही, याचं अजून वाईट वाटतं.

महिन्याभराने शास्त्रपाठाची, म्हणजे उपासनेत बायबल वाचायची, पाळी माझ्यावर आली. अकरा वचनं होती. ती संपली, पण मला थांबवेना. प्रत्येक शब्द आतून पेटल्यासारखा दिसत होता, मग पुढचा कसा सोडायचा? मी वाचत गेले. आणि आमच्या मंडळीची रीत अशी की शास्त्रपाठ चालू असताना कोणी उठत नाही, बोलत नाही, खोकला आला तरी रुमालात दाबतात. तर ती सगळी माणसं बसून राहिली. एक तास पन्नास मिनिटं. मुलं बाकांवर झोपली. त्या वेळचे म्हातारे पाळक डोळे मिटून बसले होते, ते प्रार्थना करत होते की झोपले होते हे देवालाच माहीत. पहिल्या रांगेतल्या गादीवाल्या मावशी, ज्या स्वतःची गादी घरून आणतात, त्यांना वाटलं पवित्र आत्मा उतरलाय. त्या दर पाच मिनिटांनी आमेन म्हणत होत्या आणि माझा हुरूप वाढत होता. शेवटी माझा आवाजच बसला, तेव्हा आमचे हे पाण्याचा ग्लास घेऊन पुढे आले आणि दंडाला धरून मला खाली घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटल. सात आठवडे.

तेव्हापासून एक गंमत झाली आहे. मी रडले तर लोक मला जवळ घेतात. मी हसले तर घड्याळाकडे बघतात.

म्हणून त्या गुरुवारी पाळकसाहेब गेल्यावर मला जे झालं ते मी कोणाला सांगावं हे कळेना. पोटात नुसत्या फुलबाज्या. मशीनचं पायडल पायाखाली आपोआप धावायला लागलं. पाळकसाहेबांची पँट मी दहा मिनिटांत उरकली, उसवलेल्या तीन बाह्या जोडल्या, एका अनोळखी गिऱ्हाइकाला सांगून टाकलं की रविवारी मी वाचणार आहे. तो बिचारा चेन बदलायला आला होता. म्हणाला, "बरं."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी बसची चावी खिळ्याला अडकवली, चपला काढल्या आणि विचारलं, "काल झोप किती?"

"आठ तास."

"मग छान झालं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. साबण लावता लावता आतून आवाज आला, "आज किती झोपशील?"

शुक्रवारी ताई आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्यासमोर अजूनही कोणी पाठ वाकवून बसत नाही. हॉस्पिटलच्या सात आठवड्यांत ती रोज येऊन माझे केस विंचरायची, त्यामुळे तिला काहीही विचारायचा हक्क आहे, आणि तो ती वापरते.

"तुझे हात थरथरतायत," ती म्हणाली.

"आनंदाने."

"आनंदाने की तसं?"

"तसं" हा आमच्या घरचा शब्द. त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

"ताई, मला शाळेच्या सहलीला निघाल्यासारखं वाटतंय. एवढंच."

"सहलीच्या आदल्या दिवशी तुला नेहमी ताप यायचा," ताई म्हणाली. मग तिने पर्समधून चष्मा काढला. म्हणजे आता काहीतरी ठरणार. "हे बघ. वचनं दहा आहेत. मी तिसऱ्या बाकावर, कडेला बसते. तू दहाव्याच्या पुढे गेलीस तर मी गायनपुस्तक खाली पाडीन. मोठ्या अक्षरांचं आहे, चांगला आवाज होईल. आवाज आला की थांबायचं. का, कशाला, काही विचारायचं नाही. चालेल?"

"आणि नाही पडलं तर?"

"तर मी केक आणीन."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. आपल्या डोक्यावर आपलाच भरवसा नसला की दुसऱ्याच्या हातातलं पुस्तकही आधाराचं वाटतं.

शनिवारी मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या देवाबिवाला मानत नाहीत, पण माझ्या प्रार्थनेची वेळ त्यांना तोंडपाठ आहे, कारण तीच माझ्या गोळीची वेळ आहे. जेवणापूर्वी करतो तशी छोटी प्रार्थना करते आणि गोळी गिळते. देणारा एकच आहे, मग भाकरीला आभार आणि गोळीला तोंड वाकडं, हे बरं दिसत नाही. हे कळायला मला हॉस्पिटलात जावं लागलं.

"मला फार आनंद झालाय," मी फोनवर म्हणाले. "हे चालेल ना?"

"झोपलात किती?"

"साडेसात तास."

"पहाटे उठून कपाटं आवरलीत?"

"नाही."

"खरेदी?"

"एक रीळ घेतलं."

"एकच?"

"एकच. लाल. शास्त्रात खूण घालायला."

"मग," त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या आनंदात आहात. त्यावर माझ्याकडे औषध नाही. वेळेवर झोपा."

त्या दिवशी मी तो पाठ स्वयंपाकघरात बावीस वेळा वाचला. देवळाच्या दाराशी बसणाऱ्या एका माणसाची गोष्ट. जन्मापासून लंगडा. लोक त्याला रोज उचलून आणत आणि दाराशी ठेवून जात. एके दिवशी दोन शिष्य येतात, एक जण त्याचा उजवा हात धरून त्याला उठवतो, त्याच्या घोट्यांत बळ येतं, आणि तो चालत, उड्या मारत, देवाची स्तुती करत सरळ आत जातो. ह्यांनी कांदा चिरता चिरता सगळं ऐकलं. एकविसाव्या वेळी म्हणाले, "तो लंगडा आता माझ्यापेक्षा बरा चालतो."

पण माझा सराव वाचायचा नव्हताच, थांबायचा होता. शिवणीच्या टोकाला आलं की मशीन तशीच सोडून चालत नाही, दोन टाके मागे यायचं, दोन पुढे जायचं, मग दोरा कापायचा. नाहीतर सगळी शिवण उसवते. मी दहाव्या वचनाखाली लाल दोरा ठेवला आणि तिथे पोचले की मनातल्या मनात दोन टाके मागे, दोन पुढे. कच. साडेनऊला झोपले. झोपताना म्हणाले, प्रभू, हा आनंद तू दिलास की माझ्या डोक्यातल्या रसायनांनी, मला कळत नाही. दोघांनी मिळून दिला असेल तरी माझी तक्रार नाही. फक्त दहाव्याला थांबव.

रविवारी चर्चमध्ये शिरले तर गादीवाल्या मावशी पहिल्या रांगेत. शेजारी दोन गाद्या, पाण्याची बाटली आणि बिस्किटांचा पुडा.

"मावशी, दोन कशाला?"

"तू वाचणार असं कळलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तयारीने आले."

ताई तिसऱ्या बाकावर कडेला बसली होती. गायनपुस्तक दोन्ही हातांत, छातीशी. आमचे हे मागे, दाराजवळ, बसमध्ये बसतात तसे ताठ. पाळकसाहेब पुढे आले तेव्हा त्यांचे मोजे दिसले. गुरुवारच्या आनंदात दीडाऐवजी दोन इंच कापले गेले होते. मी मनात म्हटलं, एवढं माफ असावं. मग त्यांनी मान हलवली आणि मी वर गेले.

शास्त्र उघडलं. लाल दोरा जागेवर. पहिलं वचन वाचलं, दुसरं वाचलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला, दोन वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीसारखा. चौथ्याला भीती गेली. सातव्याला त्या शिष्याने त्याचा हात धरला आणि मला माझ्या दंडावर ह्यांची बोटं आठवली. आठव्याला तो माणूस उठून उभा राहिला, चालायला लागला, उड्या मारायला लागला, आणि माझा आवाज त्याच्याबरोबर वर गेला. उड्या मारणाऱ्या माणसाबद्दल पुटपुटत कसं वाचायचं? माझा एक हात आपोआप उचलला गेला. मला हसू आलं. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा, काल रात्री झोपलास किती?

आणि धाड.

गायनपुस्तक पडलं.

मी थांबले. का, कशाला, काही विचारायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणजे मी पुढे गेले होते. पुन्हा. कधीपासून? किती वेळ वाचत होते? मुलं झोपली का? मी बाकांकडे बघितलं. मुलं जागी होती. ताईचा चेहरा पांढरा फटक, हात तोंडावर. सगळी मंडळी श्वास रोखून बसलेली, रीतीप्रमाणे.

खाली उतरणं सोपं होतं. पण उतरले असते तर मधेच सोडून उतरले असते, आणि कमिटीचं ते 'एकदा' तिथेच संपलं असतं. ते एक वेळ सोसलं असतं. पण मग यापुढे मला जेव्हा जेव्हा आनंद होईल तेव्हा कुठेतरी एक पुस्तक पडणार आणि मी गप्प होणार, हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं.

मग मी स्वतःलाच डॉक्टरीणबाईंचे प्रश्न विचारले. झोप? आठ तास. गोळी? घेतली, आभार मानून घेतली. आणि तू आहेस कुठे? मी पानावरचं बोट बघितलं. बोट आठव्या वचनावर होतं. लाल दोरा दोन वचनं खाली. पान खोटं बोलत नव्हतं, मीही नव्हते. घाबरली होती ती ताई.

मी माईकमध्ये म्हणाले, "ताई, आठवंच आहे. दोन राहिलीत."

शास्त्रपाठात कोणी हसत नाही. पण मागून कुठूनतरी नाकातून एक आवाज आला, आणि तो आवाज मी चोवीस वर्षं ओळखते.

नववं मी आवाज खाली न आणता वाचलं. हातही खाली नाही घेतला. दहावं वाचलं, ज्यात त्याला बघणारी माणसं आश्चर्याने थक्क होतात. मग लाल दोरा आला. दोन टाके मागे, दोन पुढे. कच. मी शास्त्र मिटलं.

आमेन कोणी म्हणेना. मी उभी, ते बसलेले. पाळकसाहेबही माझ्याकडे बघत बसले होते. कोणाचा विश्वासच बसत नव्हता की संपलं.

"झालं," मी म्हणाले.

पहिल्या रांगेतून गादीवाल्या मावशी खणखणीत आवाजात म्हणाल्या, "एवढंच?"

तेव्हा मात्र छप्पर उडेल असं सगळे हसले, आणि त्या हसण्यातच आमेन झालं.

उपासना संपल्यावर ताई बाहेरच्या पायरीवर उभी होती. डोळे लाल. "तू एकदम उजळलीस गं," ती म्हणाली. "हात वर, हसतेयस, आवाज चढलेला. मला वाटलं, आलं. हातातून सुटलंच ते."

"ताई, तो माझा आनंदाचा चेहरा आहे. नीट बघून ठेव."

तिने खरोखर चष्मा लावला आणि मुख्याध्यापिका वही तपासते तशी माझा चेहरा बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "विसरलेच होते मी हा."

"मीसुद्धा."

पाळकसाहेब मोजे दाखवत आमच्याकडे येत होते. त्यांच्यामागून कमिटीचे दोघे. ते काय सांगणार हे त्यांच्या चालीवरूनच कळत होतं, कारण पाळकसाहेबांना काही लपवता येत नाही. माझ्या पोटात पुन्हा फुलबाज्या सुरू झाल्या आणि मी त्या तडतडू दिल्या.

ताईने गायनपुस्तक माझ्या हातात दिलं. पडून त्याची पाठ उसवली होती, पानं लोंबत होती. "एवढं शिवून दे."

"देते. घरी लाल दोरा उरलाय. पण पुढच्या वेळी हे घेऊन बसायचं नाही."

"मग काय घेऊन बसू? हात मोकळे राहिले की मला भीती वाटते."

"मावशींची एक गादी उरलीये बघ," मी म्हणाले. "ती धर. पडली तरी आवाज होत नाही."