माझीच नोटीस, माझ्याच हाताने

कारखान्यात माझं कुणाशी वैर नाही, तरी मी जेवणघरात शिरले की गप्पा थांबतात. मनुष्यबळ विभागाची प्रमुख म्हणजे जिच्या हातून चांगलं पत्र वर्षातून एकदा मिळतं आणि वाईट कधीही. सतरा वर्षं मी हे चालवून घेतलं, कारण पत्र वाईट असलं तरी नियमाला धरून असतं, असा माझा समज होता. त्या समजाचा मला अभिमानही होता, उगाच कशाला लपवू?

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावलं. ते नवे संचालक, येऊन जेमतेम पाच महिने झालेले. त्यांच्या समोरच्या पडद्यावर भुकटी विभागाचं चित्रण चालू होतं. फरशांना चकाकी आणणारी दगडाची बारीक भुकटी तिथे गोण्यांत भरतात. नऊ माणसं काम करतात. त्यातला एकजण पुन्हा पुन्हा गोणी तशीच टाकून मागच्या दाराबाहेर जाताना दिसत होता. सगळे त्यांना पैलवान म्हणतात. तरुणपणी दोन गोण्या एकदम खांद्यावर घ्यायचे म्हणून.

"दिवसातून सात वेळा," साहेब म्हणाले. "दोनदा लेखी समज दिली, तरी तेच. शुक्रवारपर्यंत बडतर्फीचं पत्र काढा. एकाला काढला की बाकीचे आपोआप सरळ होतात."

"चौकशी न करता?"

"ही काय, केली की मी चौकशी." त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

मी तिथेच भांडणार होते, पण त्या दोन्ही लेखी समजांवर माझीच सही होती. पर्यवेक्षकाने मजकूर दिला, मी सही ठोकली. माणसाला बोलावून विचारलं मात्र नव्हतं. म्हणून त्या दुपारी मीच मागच्या दारी गेले.

पैलवान पायरीवर बसले होते, हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते.

"विडी ओढायला येता म्हणे तुम्ही."

"ओढत असतो तर बरं होतं मॅडम," ते थांबत थांबत म्हणाले. "थोडी मजा तरी आली असती. आत श्वास पुरत नाही हो. इथं बसलं की येतो जरा."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला, तुम्हाला?" ते हसले, आणि खोकले. "अनफिट म्हणून घरी बसवलं असतं. धाकटीचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष आहे."

"पण दरवर्षी डॉक्टर तपासतात ना?"

"तपासतात. रिपोर्ट ऑफिसला पाठवतो म्हणतात. ऑफिसनं काही कळवलं नाही, म्हणजे ठीकच असणार, नाही का?"

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. रिपोर्ट ऑफिसला येत होते. दरवर्षी नऊ बंद पाकिटं, वर 'गोपनीय' असा शिक्का. कामगाराचा आजार हा त्याचा खासगी मामला, ऑफिसने पाकीट उघडायचं नाही, हा नियम तीन वर्षांपूर्वी मीच लिहिला होता आणि त्यावर एका सभेत टाळ्याही घेतल्या होत्या. पाकिटं आली की पोच द्यायची, लोखंडी कपाटात ठेवायची, कुलूप लावायचं. पण मग ती कामगाराच्या हाती कुणी द्यायची, हे नियमात लिहायचं राहिलं होतं. म्हणजे माझ्याकडूनच राहिलं होतं. तीन वर्षं ती तशीच पडून होती.

"आपण तुमची पाकिटं उघडू," मी म्हणाले.

"नको. उघडलं की मी गेलो."

"नाही उघडलं तरी शुक्रवारी जाताय." हे त्यांना सांगणं नियमात बसत नव्हतं. खड्ड्यात गेला नियम. "तुम्हाला घरी बसवायला नाही उघडत. धूळ नसलेलं काम मागायला उघडतेय."

त्यांनी दाराआडून ऐकू येणाऱ्या गोण्यांच्या आवाजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उघडा. पण माझ्यासमोर."

तीन वर्षांची तीन पाकिटं, आणि तिन्हींत तोच मजकूर. फुप्फुसांची क्षमता कमी, धुळीपासून दूर ठेवावे, तीन महिन्यांत पुन्हा तपासणी. तिसऱ्या वर्षी डॉक्टरांनी त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. पैलवानांनी प्रत्येक कागद सावकाश वाचला, पुढे नेण्याची मला परवानगी दिली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

त्या संध्याकाळी मी थोरल्या बहिणीला सगळं सांगितलं. आम्ही दोघीच राहतो. "माझी नोकरी गेली तर?" मी विचारलं.

"तर तू दिवसभर घरी माझ्याशी भांडशील," ती म्हणाली. "मला त्याचीच धास्ती आहे. पण म्हणून तू गप्प बसलीस, तर मीच तुझ्याशी बोलणार नाही."

बुधवारी मी तिन्ही कागद साहेबांसमोर ठेवले. त्यांनी वाचले आणि उलटे करून ठेवले.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. कपाट कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे चूक कुणाची?"

"पाकिटांची माझी. धुळीची कंपनीची. त्या माणसाची कुठलीच नाही. आपलं पाप त्याच्या माथी मारून त्याला काढायचं, या पत्रावर मी सही करणार नाही. तसं लेखी देतेय."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग आधी तुम्हालाच कारणे दाखवा नोटीस! तयार करून आणा, सही करतो मी."

अशा नोटिसा आमच्या कारखान्यात एकच बाई लिहिते, हे रागाच्या भरात त्यांच्या लक्षात आलं नाही.

मी खुर्चीत बसले आणि मन लावून लिहिली. आरोप कसा स्पष्ट हवा: काय केलं, केव्हा, त्यामुळे कुणाचं काय नुकसान झालं. 'आपण नऊ कामगारांचे सत्तावीस वैद्यकीय अहवाल तीन वर्षे न उघडता कपाटात ठेवलेत. तीन अहवाल आता उघडले असून, एका कामगाराला धुळीपासून दूर ठेवण्याची सूचना तिन्ही वर्षी होती. तो आजारी असूनही कंपनीने त्याला धुळीतच ठेवले व बाहेर श्वास घेण्यासाठी गेल्याबद्दल दोनदा समज दिली.' खाली प्रती कुणाकुणाला: संचालक मंडळ, कामगार प्रतिनिधी, कारखाना निरीक्षक. आरोग्याचं प्रकरण असलं की प्रती जातातच.

साहेबांचं पेन कागदावर टेकून थांबलं. "हे काय लिहिलंय?"

"माझ्यावरचा आरोप."

"यावर सही करणं म्हणजे कंपनीने कबूल करणं! नुसतं 'कर्तव्यात कसूर' लिहा."

"मोघम दोन कागदांवर मी आधीच सह्या केल्यात. पैलवानांना दिलेल्या. तिसरा कागद मोघम निघणार नाही."

"आणि मी सही नाही केली तर?"

"तर हाच मजकूर माझा कबुलीजबाब म्हणून माझ्या सहीने जाईल. फक्त एक ओळ वाढेल, की हे वाचूनही संचालकांनी बडतर्फीचा आदेश मागे घेतला नाही."

माझा आवाज हलला नाही. देवाची कृपा म्हणा, नाहीतर सतरा वर्षांची सवय. साहेबांनी बडतर्फीचा आदेश फाईलमधून काढला, फाडला आणि मग माझ्या नोटिशीवर सही केली. मजकूर जाणारच, तर त्याखाली कारवाई करणारा म्हणून आपलं नाव असलेलं बरं, असा हिशेब त्यांनी केला असावा. मी पोच लिहून माझी प्रत घेतली. आजवर शेकडो लोकांना नोटिसा दिल्या, पण इतकी खरी नोटीस मी कधीच लिहिली नव्हती.

गुरुवारी प्रती रवाना झाल्या. शुक्रवारी सकाळी, धूळ ओढणारी यंत्रणा बसेपर्यंत भुकटी विभाग बंद करून नऊही जणांना पूर्ण पगारावर गोदामात हलवलं. माझ्या चौकशीची तारीख पडली. काय निकाल लागायचा तो लागो.

दहाच्या सुमारास मी गोदामात गेले. पैलवान खोकी मोजत होते.

"माझी चूक झाली," मी म्हणाले. "माफ करा."

त्यांनी हातातलं खोकं खाली ठेवलं. "पहिला कागद आला, तेव्हा मी तीन मजले एका दमात चढायचो मॅडम."

मी ते खोकं उचलून मोजलेल्या खोक्यांत ठेवलं.

"माफीचं बघू पुढं कधीतरी," ते म्हणाले. "त्या आठ जणांची पाकिटं बंदच आहेत ना अजून? आधी त्यांना बोलवा."

"एकेकाला बोलावू?"

"सगळ्यांना एकदम बोलवा. मी पण येतो. वाचताना कुणीतरी शेजारी लागतं."