दादाच्या छातीतले पांढरे ठिपके

शेवटी एकदाचा दादा मशीनवर आडवा झाला! वर्षभर मी हात धुऊन त्याच्या मागे लागले होते. लोकांचे सीटी स्कॅन करणं माझं रोजचं काम, पण सख्खा भाऊ मुलखाचा हट्टी. "सायकलने डोंगर चढतो मी, मला काय धाड भरलीय?" हे त्याचं पालुपद. धाड बाबांनाही भरली नव्हती. नाश्ता करता करता हार्ट अटॅकने गेले. ना कळ, ना धाप. दादा आता त्यांच्याच वयाचा झालाय आणि रविवारी त्याची डोंगरावरची शर्यत. म्हणून वहिनीने सरळ सायकलला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. स्कॅन कर, किल्ली ने!

"सुई टोचणार?"

"नाही रे. श्वास रोखायचा आणि गप्प पडायचं. तेवढंच तुला जमत नाही."

काचेपलीकडे बसून मी बटण दाबलं. सापडला बेटा तावडीत! मला नुसत्या उकळ्या फुटत होत्या. मग स्क्रीनवर हृदय उमटलं, आणि रक्तवाहिनीच्या वाटेवर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे ठिपके. वाहिनीच्या भिंतीत साचलेलं कॅल्शियम. म्हणजे वाहिनी आतून अरुंद होत चाललेली, बाबांसारखीच.

रिपोर्ट सांगायचा तो डॉक्टरांनी, आम्ही ब्र काढायचा नाही. चेहरा कोरा ठेवून मी आत गेले.

"झालं. ऊठ."

दादा उठेना. "आधी ते म्हण."

"काय?"

"स्कॅन झाला की सगळ्या पेशंटना म्हणतेस ना, 'अभिनंदन, हृदय आहे बरं का तुम्हाला!' घरी सांगून सांगून कान किटवलेस. मग मलाच का नाही?"

मेल्याने बरोबर पकडलं! मी काही बोलायच्या आत डॉक्टर स्कॅन बघून आले. "आत्ता काही त्रास नाही ना? मग आपण वेळेत पोचलो. औषधं आजपासून, पुढच्या तपासण्या याच आठवड्यात. शर्यत बंद."

आता हा हॉस्पिटल डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. ठरल्याप्रमाणे मी किल्ली पुढे केली. त्याने ती बघितली.

"बाबांना कुणी सांगितलंच नाही गं," म्हणाला, आणि किल्ली माझ्याच खिशात टाकली.

मग मात्र मला राहवेना. सापडलं, वेळेत सापडलं! "अभिनंदन दादा, हृदय आहे बरं का तुला!" म्हणत मी त्याच्या गळ्यात पडले आणि ढसाढसा रडले.

"अगं, सोड," दादा म्हणाला, "आहे ते तरी चालू राहू दे."