भोरड्यांची धाड आणि साडेपाचची मीटिंग

जगातली मोठमोठी साम्राज्ये तलवारीने नव्हे, माझ्या एका फटक्याने आडवी झाली आहेत. तोफ ही माझी नात आणि बंदूक माझी पणती. माझे नाव निघाले की भल्याभल्या सेनापतींचा हात आधी कपाळाकडे जात असे. मित्रांनो, मी एक जुनी गोफण आहे, आणि पहिल्या पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत मी जमिनीवर पाडलेला सर्वांत मोठा शत्रू म्हणजे एक कच्ची पपई. तीही आमच्याच झाडाची.

माझा जन्म बुलढाणा जिल्ह्यात, दुसरबीडच्या शिवारात झाला. उकंडराव नावाच्या शेतकऱ्याने नाल्यात कुजवलेल्या अंबाडीचा वाख काढला आणि मांडीवर वळून वळून माझे दोन दोर केले. या कामी त्यांच्या उजव्या मांडीवरचे सगळे केस खर्ची पडले. माझ्यासाठी झालेली ती पहिली हिंसा. दोन दोरांच्या मधोमध तळहाताएवढी झोळी विणली, तिच्यात दगड बसतो. एका दोराच्या टोकाला बोट अडकवायचे कडे, दुसरे टोक मोकळे. मला डोक्याभोवती गरगर फिरवून मोकळे टोक सोडले की चाबकासारखा कडाका होतो आणि दगड आपल्या नशिबाने जातो.

ज्वारीचे कणीस दुधात आले की उकंडराव शेतातल्या माळ्यावर, म्हणजे चार मेढींवरच्या मचाणावर चढत. तेव्हा शिवारभर ज्वारी होती आणि शेताशेतात गोफण होती. माझा कडाका फाट्यापर्यंत ऐकू जातो, अशी माझी ख्याती होती. एवढ्या वर्षांत उकंडरावांनी माझ्याकडून एकही पाखरू मारले नाही. ते म्हणत, "हाकलाचं असते, माराचं नसते." गावात काही जण म्हणत, नेमच नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असाव्यात.

मग शिवारात सोयाबीन आणि हरभरा आला. हरभऱ्याकडे पाखरू ढुंकून पाहत नाही. माझ्या मैत्रिणी बेकार झाल्या. एकीने म्हैस बांधली, एकीने पाळणा झुलवला, एक तर पोत्याचे तोंड आवळता आवळता वारली. उकंडरावही गेले. त्यांची सून गीताबाई मात्र हटली नाही. "सोयाबीनची भाकर करून दाखवा, मंग सांगा मले," असे म्हणून ती दर वर्षी घरामागच्या दीड एकरात ज्वारी पेरत राहिली. त्यामुळे झाले असे, की पूर्वी जी पाखरे दहा गावांत वाटली जात, ती सगळी एकाच पंगतीला येऊ लागली.

त्यांत सर्वांत क्रूर म्हणजे भोरड्या. काळे डोके, गुलाबी पाठ, दिसायला लग्नातल्या करवल्या. हिवाळ्यात दूरदेशाहून हजारोंनी येतात. सकाळी ऊन फुटताना आणि संध्याकाळी दिवस बुडण्याआधी धाड घालतात. दहा मिनिटे बसल्या की कणसाचा झाडू होतो.

यंदा पौषात दाणा दुधात आला, आणि गीताबाई माळ्यावरून पडली. उजवे मनगट मोडले. कोपरापर्यंत प्लास्टर चढले. दाणा टणक व्हायला वीस दिवस बाकी होते.

तिचा मुलगा अविनाश घरीच असतो. पुण्याच्या कंपनीचे काम तो मागच्या खोलीत बसून करतो. सकाळी आठला उठतो, नऊला लॅपटॉपपुढे बसतो, रात्री आठला उठतो. पडद्यावर उजेड पडतो म्हणून खिडकीला चादर. हिवाळ्यात दिवस असा लहान, की हा बाहेर येईपर्यंत सूर्य घरी जाऊन जेवलेला असे. देऊळगाव राजाच्या डॉक्टरांनी त्याचा रक्ताचा रिपोर्ट पाहून विचारले होते, "तुम्ही राहता कुठे? कांदाचाळीत?" औषधापेक्षा रोज सकाळ-संध्याकाळ उघड्यावर तासभर अंग हलवा, असे त्यांनी बजावले. त्यावर अविनाशने पावले मोजणारे घड्याळ घेतले आणि खुर्चीत बसून हात हलवून तो ती मोजू लागला.

शेत बटाईने, म्हणजे वाट्याने दुसऱ्याला कसायला देऊन टाक, असे तो आईच्या तीन वर्षांपासून मागे लागला होता. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून गीताबाई म्हणाली, "यंदा ज्वारी घरात आली तं पुढच्या सालीबी पेरीन. पाखरायनं नेली तं दे बटाईनं. मी तोंड नाई उघडणार." मग तिने मला खुंटीवरून काढून त्याच्या मांडीवर फेकले. "डॉक्टरनं बाहेर जा म्हटलं ना? जा."

मित्रांनो, गीताबाईचे शेत आणि माझा जीव, दोन्ही अशा माणसाच्या हाती गेले, ज्याला माझे कडे कोणत्या बोटात घालायचे हे ठाऊक नव्हते.

पहिल्या दिवशी मी त्याला बेदम मारले. माझा इलाज नव्हता. पहिल्या फेरीत माझे मोकळे टोक त्याच्या कानशिलावर बसले. दुसऱ्या फेरीत दगड झोळीतून गळून त्याच्याच टाळूवर आला. तिसऱ्या फेरीत दगड सुटला, आणि बांधापलीकडे वांग्यांना पाणी देत असलेल्या वहाबभाईंचा माठ फुटला.

"अबे ओ इंजिनियर!" वहाबभाई ओरडले. "पाखरं वर हायत. तू सोताचंच थोबाड काऊन फोडून राह्यला?"

"चाचा, हे नीट सुटूनच नाई राह्यली."

"सुटत नाई म्हंते! माया माठावर बराबर सुटली!"

वहाबभाई फावडे टाकून आले. त्यांनी मला हातात घेतले, एकदाच फिरवले, आणि माझ्या कडाक्याने अर्धे शेत रिकामे झाले. उकंडरावांनंतर पंधरा वर्षांनी कोणी मला असे धरले होते. "हात नको फिरवू, खांदा फिरव," ते म्हणाले. "अन् सोडतांना मनात दया नको ठेवू."

अविनाशने दुसरा धडा तेवढा मनापासून घेतला. चार दिवसांत त्याचा खांदा सुटला आणि त्याच्यात राक्षस संचारला. कंपनीत जे साहेबांना बोलता येत नव्हते, ते सगळे तो झोळीत भरू लागला. आज साहेबांनी "हे आजच पाहिजे" म्हटले की भोरड्यांवर दोन धोंडे जास्त. दगड संपले तेव्हा त्याने जुन्या मोटारीचे लोखंडी नट आणले. नट हवेत शिट्टी मारत जातो. एका सकाळी तीन भोरड्या धपाधप खाली आल्या. त्याने त्या बांधावर ओळीने मांडल्या आणि फोटो काढला.

गीताबाईने डाव्या हाताने त्याच्या मुस्काटात ठेवून दिली.

"मारल्या काऊन?"

"तूच तं राखण कर म्हटलं!"

"राखण कर म्हटलं, मुडदे पाड नाई म्हटलं. पसाभर दाण्यासाठी जीव घेते का?"

गाल चोळत तो खोलीत गेला. नट मात्र खिशातच राहिले.

त्याच्या कंपनीची मीटिंग रोज साडेपाचला असे. भोरड्यांची मीटिंगही साडेपाचलाच. एका संध्याकाळी तो कानात यंत्र खोचून माळ्यावर उभा होता. वरून थवा उतरत होता, कानात साहेब उतरत होते. साहेबांनी काहीतरी लागट म्हटले असावे, कारण त्याचे लक्ष थव्यावरून कानाकडे गेले. मी भिंगरीसारखी फिरत होते. त्याने सोडायला निमिषभर उशीर केला. नट पाखरांकडे गेलाच नाही. बांधावरून गेला. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

वहाबभाई वांग्यांत आडवे पडले.

सेनापतींच्या कपाळांच्या गोष्टी मी फार सांगितल्या होत्या. खरे फुटलेले कपाळ मी त्या दिवशी पाहिले. ओळखीच्या माणसाचे होते. रक्त भुवईवरून दाढीत आणि दाढीतून मातीत चालले होते. मागे हजारो भोरड्या ज्वारीवर बसत होत्या. अविनाशने एकदाच वळून पाहिले, कानातले यंत्र उपटून फेकले आणि माळ्यावरून उडी मारली. त्याने वहाबभाईंच्या कपाळावर रुमाल दाबला आणि वरून मलाच आवळून बांधले. मोटारसायकलवर पुढे तो, मागे वहाबभाई, आणि वहाबभाईंच्या डोक्याला मी, असे आम्ही दवाखान्यात पोचलो.

सात टाके पडले. डॉक्टरांनी विचारले, "कशाने लागलं?"

"पाखरानं," वहाबभाई म्हणाले.

"कोणतं पाखरू?"

"इंजिनियर."

आम्ही परतलो तेव्हा गीताबाई अंधारात शेताच्या कडेला बसली होती. डाव्या हाताने पिंप बडवून बडवून तिची बोटे सोलून निघाली होती. पाव शेत झाडू झाले होते. तिने आधी वहाबभाईंची विचारपूस केली. शेताबद्दल चकार शब्द काढला नाही. अविनाशला तेच जास्त लागले. त्याने नट भंगारात टाकले, मला खुंटीला टांगले आणि म्हणाला, "मी हात नाई लावणार इले."

बारा दिवस बाकी होते. मित्रांनो, त्या रात्री मी स्वतःला पोत्याच्या तोंडाला बांधलेले पाहिले.

दुसऱ्या दिवशी ऊन फुटायच्या आत वहाबभाई बांध ओलांडून अंगणात आले. डोक्याला पट्टी, एक डोळा वांग्यासारखा सुजलेला, हातात विळा. अविनाश म्हशीमागे लपला.

"बाहेर ये बे. मले मारायचंच हाय तुले, पण ते भोरड्या गेल्यावर. अगोदर माती भिजव."

"माती?"

"हाव. मातीच्या गोया कर, चुलीपाशी वायव. गोयी वरच फुटली पायजे, कोनाच्या डोक्यावर नाई. अन् वहिनीची ज्वारी गेली, तं याद राख, माये सात टाके मी तुयाकडून वसूल करीन."

विळ्याने त्यांनी बांधावरच्या बाभळीचे काटे छाटून धावायला वाट केली. अविनाशने मला खुंटीवरून काढले. मग साहेबांना फोन लावला.

"सर, पाच ते सहा मी नसणार."

"का?"

"हल्ला असतो, सर."

"कोणाचा?"

"भोरड्यांचा."

मग मीटिंग साडेसहाला गेली, आणि वेळापत्रकात पाच ते सहाच्या घरात 'अविनाश – हल्ला' असे लिहिले गेले.

ते बारा दिवस मी विसरणार नाही. सकाळी धुक्यात आणि संध्याकाळी तिरप्या उन्हात अविनाश बांधाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत होता, ओरडत होता, मला गरगरवत होता. दुसऱ्या टोकाला वहाबभाई पिंप बडवत आणि त्याला शिव्या देत. मातीच्या गोळ्या थव्यावर फुटत, धुरळा पसरे, हजार पंख एकदम फाटत आणि आभाळ उलटेपालटे होई. अविनाश दोनदा नालीत पडला. पोटऱ्या काट्यांनी फाटल्या, तळहाताची सालटी निघाली, माझा एक पीळ तुटला. एकही पाखरू मेले नाही.

तेराव्या दिवशी गीताबाईने कणीस चोळून दाणा दाताखाली धरला. कट्. "झाला," ती म्हणाली. भोरड्यांनाही ते कळले असावे. त्या दुसऱ्या कोणाचे तरी वाटोळे करायला निघून गेल्या.

पाऊण शेत घरात आले. कडब्याची पहिली पेंढी वहाबभाईंच्या गोठ्यात गेली. अविनाशला मारायचे राहून गेले, असे ते अजून अधूनमधून म्हणतात. गीताबाईने पुढच्या पेरणीसाठी निवडक कणसे बाजूला काढली, तेव्हा बटाईचे नाव न काढता अविनाशनेच ती माळवदाखाली टांगली.

तर मित्रांनो, हिवाळ्यात दिवस लहान असतो आणि घरातले काम मोठे. म्हणून खिडकीवरची चादर काढा, उजेड आहे तोवर बाहेर पडा, धावा, ओरडा, घाम काढा. हातात शस्त्र आले तर ते हाकलण्यासाठी आहे, फोडण्यासाठी नाही, हे विसरू नका. जुन्या गोफणींचा मान राखा. आम्ही साम्राज्ये आडवी केली आहेत.

आणि एक बारीकशी विनंती. धावून धावून अविनाशचे पोट उतरले आहे, त्याच्या सगळ्या पँटी खाली घसरतात, आणि गेल्या आठवड्यापासून त्याने मला कमरेला बांधले आहे. देऊळगाव राजाच्या बाजाराला कोणी जात असाल, तर येताना एक पट्टा आणा. चौतीस नंबरचा.