नको म्हणजे नको

रागाच्या भरात बायको काय बोलते ते कुणी शब्दशः घेत नाही, म्हणून तर संसार चालतात. अलकाच्या नवऱ्याला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

झालं असं. गुरुवारी अलका चिकपेटेच्या बाजारातून आणलेलं नवं पातळ नेसून त्याच्यापुढे उभी राहिली. "अहो, कशी दिसते?" विद्याधर बेंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात मापं तपासणारा इंजिनिअर. त्याने पुढून-मागून नीट पाहिलं आणि म्हणाला, "डावीकडे दीड इंच वर गेलंय."

लग्नाला चार वर्षं झाली, कौतुकाचा एक शब्द नाही! अलकाचा तोल गेला. "मला कायमची माहेरी पाठवा एकदाची!" ती ओरडली.

शुक्रवारी संध्याकाळी मिसळणाच्या डब्यावर मिरजेचं तिकीट. पुढच्या बुधवारचं.

आता काय म्हणावं या माणसाला! समजूत घालावी, निदान भांडावं तरी. हा मेला तिकीट काढून मोकळा! अलका पोटभर रडली आणि खाली घरमालकीणबाईंकडे, सकवारबाईंकडे गेली. त्यांचं घराणं तीनशे वर्षं बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठीत कानडी सहज येई.

"अग, रडू नको. माझा भाचा रत्नाकर वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर आहे. रविवारी आम्हा दोघांनाही जेवायला बोलव. स्वल्प बघून घेईल तो, तुझ्या यजमानांना कळायचं पण नाही."

"वेडे नाहीत हो ते, अक्का!"

"सरी, सरी. मग पुरणपोळी कर."

रविवारी पाट मांडले. डॉक्टर चांगले भुकेले होते. पहिली पोळी संपली तशी अलका दुसरी घेऊन वाकली. डॉक्टरांनी ताटावर हात आडवा धरला. "नको, नको, वहिनी." पंगतीत पहिलं 'नको' मानाचं, दुसरं लाजेचं आणि तिसरं खरं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. विद्याधर पाटावरून उठला आणि पोळ्यांचा डबा उचलून आत ठेवून आला. "अलका, ते दोनदा नको म्हणाले."

डॉक्टर बिचारे ताक पिऊन उठले. जाता जाता रीत म्हणून त्यांनी "काय, काम कसं काय?" असं विचारलं, तर विद्याधरने त्यांना पाऊण तास स्क्रूचे आटे समजावून सांगितले. सकवारबाईंना बसल्या जागी डुलकी लागली.

मग खाली सकवारबाईंच्या स्वयंपाकघरात भात-सारू ओरपत डॉक्टरांनी अलकाला विचारलं, "वहिनी, ते कधी खोटं बोललेत?"

"नाही."

"टोमणा कळतो?"

"छे! मी मारमारून थकले."

"तांब्या इकडचा तिकडे झाला तर?"

"जेवणच सुटतं त्यांचं."

डॉक्टरांनी मान डोलावली. "वेड नाही हे. अशा मुलांबद्दल परदेशात लिहून आलंय, ऑटिझम म्हणतात. पण मी वाचलं त्यात सगळी लहान मुलंच. ती मोठी झाली की पुढे काय होतं, ते काही मला सापडलं नाही."

"काय होतं?"

"लग्न होतं," डॉक्टर म्हणाले. "आत्या, वाढ आणखी. वहिनी, औषध नाही याला. हवं ते सरळ सांगा, विचारायचं ते सरळ विचारा. उत्तर मात्र खरं येईल, तेवढी तयारी ठेवा."

तीच तर भीती होती! मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिची जीभ रेटेना. शेवटी ती तिकीट घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "मला जायचं नाही. पण मी इथे राहावं, असं तुम्हाला वाटतं का?"

विद्याधर गोंधळला. "म्हणजे आपण जायचं नाही?"

"आपण?"

त्याने सदऱ्याच्या खिशातून दुसरं तिकीट काढलं. "तुझं तुझ्याजवळ, माझं माझ्याजवळ. हरवायला नको." मग घडी घातलेला एक कागद काढला. नोकरीचा राजीनामा! "तू कायमची म्हणालीस. मिरजेहून रोज इथे कामाला कसं येणार? सांगलीच्या साखर कारखान्याला पत्र टाकलंय."

अलकाने तो कागद हिसकावून घेतला. "अहो, मी एकटीला पाठवा म्हटलं होतं!"

"एकटी असं तू म्हणाली नव्हतीस." तो तिच्याकडे बघत राहिला. "तू नसलीस तर या घरात मी काय करायचं?"

त्याने हे खरंच विचारलं होतं. उत्तर त्याला ठाऊक नव्हतं, आणि ते शोधताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. चार वर्षं हा माणूस आपल्याला काही बोलला नाही म्हणून आपण रडलो, आणि हा नोकरीसुद्धा सोडायला निघाला! अलकाला भडभडून आलं. तिने दोन्ही तिकिटं फाडायला घेतली.

"ती फाडू नको. परत करायला अख्खी लागतात."

"मग हा राजीनामा फाडू?"

"हा फाड. अजून दिलेला नाही."

तिने त्याचे बारीक बारीक तुकडे केले. विद्याधर जरा वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. "तू रडते आहेस. वाईट वाटलं का?"

"नाही," डोळे पुसत अलका म्हणाली. "आनंद झालाय. खूप."

"बरं झालं सांगितलंस," तो म्हणाला आणि निश्चिंत मनाने पाटावर जाऊन बसला.