मास्तरचं पोट भरलं

“अरे राक्या, गेम आहे तो, गेम! खरा बैल नाहीये!” हर्षलदादा ओरडला.

“मग खरं गाव कशाला पाहिजे तुला? तिकडं नाशकात, द्वारका चौकातल्या ऑफिसात बसून काढायचं ना खोटं गाव. चार दिवस झाले, आमच्या म्हशीचं निम्मं दूध तुझ्या चहात चाललंय.”

“पण बैल एक दिवस लढला तर बिघडतं काय?”

“पोळ्याला? पोळ्याला आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाय, आणि तू त्याची कुस्ती लावतो? त्या दिवशी बैलाला आराम असतो, आराम! एवढं तर शाळा सोडलेल्याला पण कळतं.”

हे वाक्य माझं. ध्यानात ठेवा, पुढं तेच माझ्या गळ्यात येणार हाय.

हर्षलदादा माझा मावसभाऊ. नाशकात टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस, तिथं सहा जण मिळून मोबाईलचा गेम बनवतात. गेममध्ये राक्षस हिंडतात. गाडगं फेकून ते धरायचे, पाळायचे, दुसऱ्याच्या राक्षसाशी लढवायचे. सगळं सुरू होतं हिरवेवाडी नावाच्या शेतकऱ्यांच्या गावापासून. साहेबानं याला सांगितलं, गाव ओरिजिनल वाटलं पाहिजे. म्हणून हा बॅग भरून चांदवडच्या पुढं आमच्या गावात आला, ओरिजिनल बघायला.

त्याची हिरवेवाडी मी टॅबवर बघितली. काय गाव होतं भो! सात घरं, सातही नवीन रंगवलेली. दवाखाना फुकट आणि रांग नाय. शेतात कांदा, गहू, आंबा सगळं एकाच दिवशी काढणीला आलेलं, आणि काढायला कोणी नाय. माणसं ठरल्या जागी उभी. कितीदा बी जा, प्रत्येकाचं एकच वाक्य. हे मात्र खरं वाटलं, अशी माणसं आमच्या पारावर पण हायेत. लहानूआबा गेली दोन वर्षं मला बघून एकच बोलतो, “मग, सोडलीच का शाळा?” त्याला गेममध्ये घालायला काही मेहनत लागणार नाय.

राक्षस कुठं लपतात, तर कमरेएवढ्या गवतात. मी विचारलं, एवढं गवत वाढेस्तोवर गावातल्या बाया काय करत होत्या? आमच्याकडं बांधावर वीतभर गवत दिसलं की फुलामावशी विळा घेऊन हजर. राक्षसाला लपायला सोडा, बसायला जागा नाय.

आणि हिरो दहा वर्षांचा. एक दिवस सकाळी उठतो, शाळाबिळा सोडून राक्षस धरायला निघतो. आई दारात उभी राहून हसते, हात हलवते. मी नववीत शाळा सोडली तेव्हा माझी आई पण दारातच उभी होती. हातात चप्पल होती.

हर्षलदादाला आमच्या गावातलं एकच आवडलं, ते म्हणजे मास्तर. मास्तर आमचा बैल. आण्णांनी, म्हणजे माझ्या बापानं, घोटीच्या बाजारातून आणलेला. अंग पांढरं आणि दोन्ही डोळ्यांभोवती काळी कडी, चष्मा लावल्यासारखी. शाळेतल्या मास्तरांशी माझं कधी जमलं नाय, याच्याशी पहिल्या दिवसापासून जमलं. याला बोललेलं कळतं आणि हा उलट प्रश्न विचारत नाय. जोडीदाराचं नाव बुलेट. गावातली ही शेवटची जोडी, बाकी सगळ्यांच्या दारात ट्रॅक्टर.

दादानं टॅबवर मास्तर काढला. चष्मा तसाच, फक्त शिंगातून वीज निघते. लय भारी काढला होता. मी त्याला ते सांगितलं नाय.

आता गावात जोडी एक आणि पोळा सगळ्यांचा. मागं दोन वर्षं लोकांनी ट्रॅक्टर ओवाळून बघितला. पण ट्रॅक्टर पोळी खात नाय, आणि कोणी खाल्ल्याशिवाय आमच्या बायांना पूजा झाल्यासारखी वाटत नाय. मग ठरलं, आमच्या आण्णांची जोडी यंदा घरोघर फिरवायची. त्रेचाळीस घरं. यादी मी केली, वहीच्या मागच्या पानावर, नंबर टाकून. खोटं कशाला बोलू, लय मजा आली. वर्षभर “ए राक्या”, आणि पोळ्याच्या आधी आठ दिवस “राकेशभाऊ”. “राकेशभाऊ, आमचा नंबर जरा वर घ्या की.” मी पण “बघतो” म्हणायचो, तलाठ्यासारखं.

आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मास्तरला त्रेचाळीस आवतणं आली. पोलिओच्या डोसासारखी रांग लागली होती. बिचारा कान पाडून सगळ्यांचं ऐकत होता.

पोळ्याला दुपारी निघालो. शिंगं रंगवलेली, पाठीवर झूल, पुढं ताशा, दोन्ही कासरे माझ्या हातात. प्रत्येक घरी पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरणपोळी द्यायची. एकच पोळी. त्यांच्या हिशेबानं एक, मास्तरच्या हिशेबानं सतरावी. बुलेट हुशार निघाला. सहाव्या घरी त्यानं शिंग उगारलं, मग त्याला कोणी आग्रह केला नाय. मास्तर पडला सभ्य.

दादा मोबाईलवर शूटिंग करत मागं मागं. “काय राक्या, आज बैलाला आराम असतो ना?”

“गप शूटिंग कर.”

बाविसावं घर सुलाकाकूचं. तिच्या फाटकाशी मास्तर थांबला. कासरा ओढला तर पाय उचलेना. मी बाजूला जाऊन बघितलं तर डावी कूस टम्म. बोटानं टिचकी मारली, ताशासारखा आवाज. आणि जबडा बंद. मास्तर दोन मिनिटं मोकळा सापडला की रवंथ करतो, च्युइंगमवाल्या पोरासारखा. कधीपासून बंद होता, कुणाला माहीत. मी तर पुढं बघून चाललो होतो.

सुलाकाकू पोळी घेऊन आली.

“काकू, नाय खायचा तो. पोट फुगलंय.”

“एकच खाईल. घरचं तूप लावलंय.”

“एकच एकच करत एकवीस झाल्या!”

“एकवीस चालल्या आणि आमचीच जड झाली का रे? यादीत मला खाली कुणी टाकलं? चिंचा पाडताना धरला होता तुला, त्याचा राग ना?”

त्यात थोडं खरं होतं.

मागून बाकीच्या बाया, “आमची ताटं गार व्हायला लागली!” लहानूआबाला पहिल्यांदाच दुसरं वाक्य सुचलं. “पोळ्याचा बैल दारातून उपाशी जाऊ नये. वर्ष वाईट जातं.”

“उपाशी? आबा, अख्खी आळी याच्या पोटात हाय!”

तेवढ्यात काकूनं पोळी मास्तरच्या तोंडाला लावली. त्यानं मान फिरवली. तिनं दुसऱ्या बाजूनं लावली. त्यानं परत फिरवली. तिसऱ्यांदा ती त्याची वेसण धरायला गेली आणि माझं डोकं सटकलं. मी ताटाला फटका मारला. पोळी मातीत, तूप काकूच्या नव्या साडीवर, ताशा बंद.

आण्णा गर्दीतून पुढं आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी मास्तरच्या कुशीवर हात ठेवला आणि म्हणाले, “डॉक्टरला फोन लाव.”

डॉक्टर म्हणाले, काही घालू नका, बसू देऊ नका, हळूहळू चालवत ठेवा, मी चांदवडहून निघालो. “आणि रवंथ करायला लागला की मला सांगा. तोवर खरं नाही.”

आण्णा मास्तरला चालवत गोठ्याकडं घेऊन गेले. एरवी वीस पावलांत गोठा आला असता. आज लय लांब वाटला.

इकडं मी आणि बावीस ताटं. सुलाकाकू पदरानं साडी पुसत रडत होती, बाकीच्या माझा उद्धार करत होत्या. तेवढ्यात दादा घाबरत घाबरत बोलला, “म्हणजे... टॅबवर आहे मास्तर. चालत असेल तर.”

मला वाटलं आता याला मारतात. पण मालनआजी म्हणाली, “मातीच्या बैलाला पुजतो ना आपण? मग काचेतल्याला काय झालं?”

झालं. सुलाकाकूच्या दारात पाट मांडला, पाटावर टॅब. काचेवर हळदकुंकू, वर दोन अक्षता. काकूनं ओवाळलं. दादानं सांगितलं, खाली पोळीचं चित्र हाय त्यावर बोट ठेवा. काकूनं ठेवलं. काचेतल्या मास्तरनं पोळी खाल्ली, घंटा वाजवली, शिंगातून वीज काढली. बाया “अगं बाई!” करून मागं सरकल्या. दुसरी खाल्ली. तिसरी खाल्ली. चौथीला वीज नाय, घंटा नाय, नुसती अक्षरं आली.

“काय लिहिलंय रे?” काकूनं विचारलं.

“मास्तरचं पोट भरलं. उद्या या.”

“आता नाही खाणार तो,” दादा म्हणाला. “दिवसाला तीनच, तसंच बनवलंय.”

“मग राहू दे बाबा,” काकू म्हणाली. “नको म्हणतो तर कशाला बळंबळं!”

आत्ता या बाईसमोर खरा मास्तर दोनदा मान फिरवून गेला होता. ते हिला कळलं नाय, काचेवर लिहून आलं ते लगेच पटलं. म्हणजे चूक मास्तरचीच. त्याला लिहिता येत नाय. शाळेत नाय गेलं की असंच होतं.

बाकीच्या घरांनी नुसता टॅबला नमस्कार केला आणि आपल्या पोळ्या आपणच खाल्ल्या. एकवीस घरं पंधरा मिनिटांत उरकली. शेवटी लहानूआबानं काच न्याहाळली. “लढतो का रे हा?”

दादानं माझ्याकडं बघितलं. “लढतो, आबा. पण आज नाही. आज पोळा आहे.”

माझंच वाक्य यानं चोरलं. एरवी सोडला नसता.

डॉक्टर आले, मास्तरच्या तोंडातून नळी घातली, गॅस काढला. असला वास की बुलेटनं दावं तोडायचं बाकी ठेवलं. औषध पाजलं, सुई मारली. जाताना परत तेच, रवंथ केला की कळवा. त्याला तास झाला. दिवस मावळायला आलाय. मी गोठ्याच्या दारात पोत्यावर बसून हे त्या यादीच्याच पानावर लिहितोय, जागा संपली की वहीच्या पुठ्ठ्यावर. दादा ओट्यावर टॅबच्या काचेवरचं कुंकू काढतोय, निघत नाय. आण्णा मास्तरच्या समोर उकिडवे. अजून मला रागावले नायत, तेच जास्त बोचतंय. एक ते त्रेचाळीस नंबर माझ्या अक्षरात हायेत. शिंग उगारायचं काम माझं होतं. मी राकेशभाऊ होऊन ताशामागं चाललो होतो.

शिंगाचा रंग ओघळून त्याच्या चष्म्यावर आलाय. जबडा अजून बंद.

दादा म्हणतो, गेममध्ये तू काय बोलशील ते एक वाक्य दे. मी म्हणलो, लिही, ‘नाय खायचा तो.’ कितीदा बी या, तेच.

“राक्या,” आण्णा हळूच म्हणाले. “जबडा बघ.”

हलला. थांबला. परत हलला. डावीकडून उजवीकडं, एकदम निवांत, जसा काय दिवसभर आरामच केलाय. आण्णांनी टोपी काढून डोळ्यांना लावली. मी डॉक्टरला फोन लावतोय, तो उचलेना, आणि ओट्यावरून दादा उगाच विचारतोय काय झालं, काय झालं.

फाटक वाजलं. सुलाकाकू. साडी बदललेली, हातात झाकलेलं ताट. “ऐकलं, चघळायला लागला म्हणे! मग आता एकच...”

थांबा. मला आत्ता जावं लागतंय.